कळ आणि काच

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवर बोलायचे ठरले की मला आमच्या घरच्या जुन्या रेडिओचे बटण आठवते. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला असणाऱ्या शेकडो कुटुंबांपैकी आमचे एक. अब्बा पहाटे उठत. बाकीचे सगळे झोपलेले असत, म्हणून दिवा लावत नसत. अंधारातच त्यांचा हात फळीवरच्या रेडिओपर्यंत जाई. बटण ‘टक्’ वाजे, थोडी खरखर होई आणि दोन बोटांनी दुसरे बटण हलकेच पिळत ते बरोबर पुणे केंद्रावर येऊन थांबत. काटा कुठे आहे हे त्यांनी कधी वाकून पाहिले नाही. बोटांना ते ठाऊक होते.

हे आठवायला कारण झाला माझा सध्याचा लॅपटॉप. तो मूळचा माझ्या भाचीचा. ती हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे. नवा घेतल्यावर तिने जुना मला दिला. यंत्र चांगले आहे, फक्त त्याच्या सर्वांत वरच्या ओळीत कळा नाहीत. तिथे काचेची एक गुळगुळीत पट्टी आहे. आपण जे काम करत असू त्याप्रमाणे तिच्यावर चिन्हे उजळतात आणि बोट टेकवले की काम होते. दाबावे लागत नाही. गोम तिथेच आहे. एका रात्री दिवाळी अंकासाठी ई-मेलमध्येच कविता लिहीत बसलो होतो. शेवटच्या कडव्यापाशी अडलो. अडलो की बोटे कळांवर तशीच ठेवून विचार करायची माझी जुनी सवय. एक बोट वर सरकून पट्टीला लागले असावे. ‘सुर्र’ असा आवाज झाला आणि अर्धी कविता संपादकांकडे निघून गेली. सकाळी त्यांचे उत्तर आले : शेवट विशेष आवडला.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती खूप हसली. ‘मामू, पण तुम्ही तिथे बोट ठेवलंतच कशाला? ते ठेवायचं नसतं.’

मी म्हटले, ‘अगं, मग बोटाने राहायचं कुठे?’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या कळांचा थोडा इतिहास आठवावा लागला. तोच आज तुमच्यासमोर मांडतो.

मराठीत ‘कळ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. यंत्राची कळ दाबतात. दुखऱ्या दाढेतून कळ येते. घाई करणाऱ्याला आपण ‘जरा कळ काढ’ असे सांगतो. आणि एखादी गोष्ट उमगली की ती ‘कळते’. कीबोर्डला कळफलक म्हणणाऱ्याने हे सगळे अर्थ मनात धरले होते की नाही कोण जाणे, पण माझ्यापुरते सांगायचे तर ते सगळे मला त्या फलकावरच भेटले.

इंग्रजी कळांची आज आपण पाहतो ती मांडणी अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या क्रिस्टोफर शोल्स या गृहस्थाकडून आली. १८६८ साली त्याला टंकयंत्राचे पेटंट मिळाले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली स्वदेशी टंकयंत्र काढले आणि पुढे ते कचेरीकचेरीत पोहोचले. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली, छावणीच्या दफ्तरात, शाळेच्या कार्यालयात, सगळीकडे त्याची खटखट ऐकू येई.

मी टायपिंग शिकलो ते १९८८-८९ च्या सुमाराला. देहूरोड बाजारात एका माडीवर क्लास होता. एका खोलीत दहा-बारा मशिने, तासाप्रमाणे पाळ्या. सर पहिल्याच दिवशी कळांवर पुठ्ठ्याचे छप्पर ठेवत. हात छपराखाली घालायचे आणि समोरच्या कागदावरचा मजकूर पाहून टाइप करायचे. चुकून मान खाली गेली की सर मागून म्हणत, ‘बघायचं नाही. बोटाला विचार.’ पहिला महिना करंगळीला रोज कळ येई. मध्ये तीन कार्बन घातलेले असले, तर शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटायला ठोका चांगला जोरात द्यावा लागे. महिन्याभराने मात्र एक दिवस असा उगवला की बोटे आपणहून जागेवर जाऊ लागली. तो आनंद सायकलचा तोल पहिल्यांदा सांभाळता येतो त्या आनंदासारखा होता.

मराठीचे यंत्र इंग्रजीपेक्षा अवघड. एका कळेवर दोन चिन्हे धरली तरी सगळी मिळून नव्वदच्या आसपासच चिन्हे बसत. आपली अक्षरे, काना-मात्रा, जोडाक्षरे एवढ्यात बसवायची म्हणजे कसरतच. त्यामुळे ख, ध, भ, श अशी काही अक्षरे आधी अर्धी उमटत आणि काना दिला की पुरी होत. उकाराची किंवा अनुस्वाराची कळ दाबली तर खूण उमटे, पण कॅरेज पुढे सरकत नसे. सर्वांत मजेशीर गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. ती अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून आधी वेलांटी मारायची आणि मग अक्षर. दीर्घ वेलांटी मात्र अक्षरानंतर.

माझ्यासाठी ही फार मोठी शिकवणी ठरली. आमच्या घरची बोली दखनी. मराठी मी शाळेत, मित्रांत आणि पुढे बीएच्या वर्गात शिकलो. बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कुणाच्या लक्षात येत नाही, लिहिताना मात्र माझी फजिती होई. टंकयंत्रावर ‘कवि’ हवा की ‘कवी’ हे व च्या आधीच ठरवावे लागे. बोटाला आधी ठरवायची सवय लागली आणि माझी वेलांटी सुधारली. माझे शुद्धलेखन व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या कळांनी अधिक घडवले, असे मी आजही मानतो.

म्हणून यंत्र नेहमी शहाणेच असते असे नाही. १९५३ साली लखनौला देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी परिषद भरली. छपाई आणि टंकलेखन यांना सोयीची लिपी करावी हा तिचा एक हेतू होता. अक्षराच्या आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी यंत्राला अडचणीची, म्हणून तीही उजवीकडेच, पण जरा आखूड लिहावी असे सुचवण्यात आले. लोकांना ते रुचले नाही आणि काही वर्षांत ती सूचना मागे पडली. यंत्रासाठी माणसाने किती वाकायचे याची हद्द लोकांनीच ठरवली. पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या कळांवर कितीतरी घरे उभी राहिली. सरकारी नोकरीत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागे. परीक्षेच्या दिवशी क्लासची मशिने टेम्पोत भरून केंद्रावर नेत आणि प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आपल्या हाताच्या मशिनवर बसायला धडपडे. आमच्या क्लासमध्ये मुलीच अधिक होत्या. कॉलेजची फी न परवडणाऱ्या घरातली मुलगी सहा महिने टायपिंग शिके, प्रमाणपत्र मिळवी आणि एक दिवस लोकलचा पास काढून शिवाजीनगरच्या कचेरीत रुजू होई. दहा बोटांचे ज्ञान ही तिची मिळकत होती आणि ती कुणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

गोदरेजची यंत्रे शेवटच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला तयार होत. २००९ मध्ये ते उत्पादन थांबले. २०११ साली जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी दिली, तेव्हा काही शेच यंत्रे शिल्लक होती आणि त्यांतली बरीचशी अरबी कळांची होती असे छापून आले. कृष्णेच्या जिल्ह्यात अरबी अक्षरे गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली आहेत, हे चित्र माझ्या मनातून अजून गेलेले नाही. पुढच्या काही वर्षांत शासनाची टंकलेखन परीक्षाही संगणकावर गेली.

संगणकावर मराठीची नवी मांडणी आली, इन्स्क्रिप्ट. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण म्हणून ठरवली आणि पुण्याच्या सीडॅकने भारतीय भाषांसाठी जी साधने केली त्यांतून ती पसरली. मांडणी मोठी शास्त्रशुद्ध. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि साऱ्या भारतीय लिप्यांना एकच क्रम. पण इथे ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर द्यायची. वीस वर्षे मुरलेली बोटे ऐकेनात. माझ्यासारख्या अनेकांनी मग संगणकावरही जुनी टंकयंत्राची मांडणीच घालून घेतली.

आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. टंकयंत्र निदान मराठी अक्षरे कोरलेल्या कळांचे मिळत होते. लॅपटॉप आला तो इंग्रजी अक्षरे घेऊनच. दुकानात जाऊन मराठी कळांचा लॅपटॉप मागा, दुकानदार फार तर चिकटवायची अक्षरे देईल. ती दोन महिन्यांत घामाने निघून येतात. म्हणजे जिला आपण ‘आपली जुनी कळ’ म्हणून कवटाळतो आहोत, तिच्यावर आपले अक्षर नव्हतेच.

ते अक्षर दिले काचेने. हे मान्य केले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकताच काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बारीक बदल होतो आणि यंत्राला जागा समजते. १९६५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने अशा पडद्याची कल्पना मांडली. २००७ मध्ये अ‍ॅपलचा आयफोन आला आणि ती घराघरांत शिरली. काचेवर काहीच कोरलेले नसते, म्हणून तिच्यावर काहीही उमटू शकते. एका क्षणी इंग्रजी, दुसऱ्या क्षणी मराठी, तिसऱ्या क्षणी उर्दू. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्या अक्षराच्या बाराखडीचे चाक उमटते, हव्या त्या स्वराकडे बोट सरकवायचे. बाराखडीचा एवढा मान कुठल्याही लोखंडी कळेने राखला नव्हता. माझ्या थोरल्या आपाने आयुष्यात टायपिंग केले नाही. आज ती फोनवर मला मराठीत निरोप लिहिते, आणि तिची वेलांटी माझ्यापेक्षा बरी असते.

मग तक्रार कशाची? तक्रार लॅपटॉपच्या त्या पट्टीची आहे, आणि ती एकट्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या होत चाललेल्या टंकलेखकाची नाही. २०१४ साली लेनोवोने आपल्या एका महागड्या थिंकपॅडवर वरच्या कळा काढून अशी पट्टी बसवली, आणि पुढच्याच वर्षी कळा परत आणल्या. २०१६ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोवर ‘टच बार’ आणला. २०२२ मध्ये डेलने एक्सपीएस १३ प्लसवर असाच प्रयोग केला. आवडणारेही होतेच. आवाज कमी-जास्त करायला बोट नुसते सरकवायचे, चित्रे जुळवताना रंग समोर येतात, प्रत्येक कामाला त्याची वेगळी चिन्हे, यात सोय आहे, असे त्यांचे म्हणणे. भाची त्यांच्यातलीच. ती चित्रफिती जुळवते, तिला पट्टी आवडे.

पण ज्यांचा हात कळांवर चालतो ते, विशेषतः संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे तरुण, वैतागले. त्यांना दिवसातून शंभरदा लागणारी ‘एस्केप’ची कळ काचेत गेली होती. दर वेळी मान खाली घालून ती शोधावी लागे. नुसते बोट लागले तरी काहीतरी होई. माझ्या सरांचे वाक्य ठाऊक नसलेली ती मुले त्यांचेच म्हणणे मांडत होती. अखेर २०१९ मध्ये अ‍ॅपलने एस्केपची खरी कळ परत दिली, २०२१ मध्ये मोठ्या मॅकबुक प्रोंवर पूर्ण ओळ परतली आणि २०२३ मध्ये पट्टीचा शेवटचा लॅपटॉपही विक्रीतून गेला. लखनौच्या वेलांटीसारखेच हे झाले. वापरणाऱ्यांनी हद्द सांगितली.

कळेजवळ असे काय आहे जे काचेजवळ नाही? कुठल्याही कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवरून बोट फिरवा. बारीकशी रेघ लागेल. ती तर्जनीची खूण. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची आठ बोटे आपापल्या घरी. आमच्या अम्मीच्या तस्बीहमध्ये तेहतीस मण्यांनंतर एक वेगळा मणी येई. शेजारच्या वारकरी काकांच्या तुळशीच्या माळेत एकशे आठ मण्यांवर मेरुमणी असे. दोघांचे डोळे मिटलेले. कुठवर आलो हे बोट सांगे, मन दुसरीकडे लावायला मोकळे राही. कळ तेच करते. दाबण्यापूर्वीच ती बोटाला सांगते, तू इथे आहेस. बोट तिच्यावर विसावू शकते, कारण टेकणे वेगळे आणि दाबणे वेगळे हे तिला समजते. काच आता थरथरून उत्तर देते, पण ते काम झाल्यावर. त्याआधी तिच्यावर सगळीकडे सारखेच लागते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जन्मांध आहेत. ते एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. पाचच्या आकड्यावरचा उंचवटा चाचपून ते सरसर नंबर फिरवत. आता त्यांच्याकडे काचेचा फोन आहे. बोट फिरेल तसे तो नाव वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की काम होते. त्यावर ते रोजचे वर्तमानपत्र ऐकतात, म्हणून काचेचे उपकार ते माझ्याहून अधिक मानतात. तरी एकदा म्हणाले, ‘हा फोन कानाशी बोलतो, बोटाशी मुका आहे. लोकलच्या गर्दीत कानही चालत नाही, मग मी खराच आंधळा होतो.’ मतदानाच्या दिवशी मात्र ते खुशीत असतात. आपल्या मतदान यंत्रावर उमेदवाराच्या नावासमोर खरे बटण आहे आणि बाजूला ब्रेलमध्ये क्रमांक. ते चाचपून मोजतात, दाबतात, लांब शिट्टी ऐकतात आणि बाहेर येतात. १९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात हे यंत्र पहिल्यांदा वापरले गेले. त्यानंतर किती काचा आल्या, पण त्याचे बटण बटणच राहिले आहे. त्यांच्यासाठी ते बटण म्हणजे स्वतःचे मत स्वतःच्या हाताने, कुणाला न सांगता देण्याची मुभा आहे.

जिथे जिवाशी गाठ आहे तिथे तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. दहा नौसैनिक गेले. प्रशिक्षणातली कमतरता आणि थकवा ही कारणे होतीच, पण सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण टचस्क्रीनवर होते आणि ते कोणाच्या हाती आहे याचाच घोटाळा झाला, हेही चौकशीत पुढे आले. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने वेगाच्या नियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचे ठरवले. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनेही २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर भोंगा, वायपर, वळणाचे दिवे अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणे हवीत असा नियम केला आहे. रस्त्यावरची नजर काढून काचेवरचे वायपर शोधायचे म्हणजे काय, हे पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा काच की कळ, असे भांडण लावण्यात मला रस नाही. पाहून करायची कामे काचेला द्यावीत. नकाशा, चित्र, रंग, आणि हो, बदलती लिपीसुद्धा. जी कामे न पाहता करायची, अंधारात, घाईत, धावत्या गाडीत, किंवा मुळातच दृष्टी नसताना, ती कळेकडे ठेवावीत. आणि आता लॅपटॉपच्या कंपन्या कळा परत आणतच आहेत, तर आपण एक मागणे मागून घ्यावे. त्या कळांवर आमचे अक्षरही कोरा. काचेवर मराठी मिळते म्हणून कळेवर ती नको, असे इंग्रजीबाबत कुणी म्हणत नाही.

परवा भाची घरी आली होती. लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि मग माझ्या खणातून फेव्हिकॉल काढून पट्टीच्या खालच्या कडेला, धातूवर, दोन बारीक थेंब ठेवले. एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणाली, ‘मामू, हे वाळू द्या. या दोघांच्या वर बोट न्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.’ सकाळी ते थेंब वाळून टणक झाले होते. मी डोळे मिटले आणि बोट फिरवले. थेंब लागला. मग राहिलेले कडवे लिहायला बसलो.